दुकानांना चकली द्यायची आहे, २५० ग्रॅमचं पाकीट ७५ रुपयांना परवडेल का?

सांगलीकर_स्वाती:
नमस्कार. घरी भाजणीची चकली करून ओळखीत ३०० रुपये किलोने विकते, महिन्याला १०० किलो जाते. भाजणी, तेल, तीळ, तिखट-मीठ धरून किलोला १५० खर्च, म्हणजे निम्मे सुटतात. मदतीला एक बाई येतात, १० किलोमागे ४०० रुपये घेतात. आता तीन किराणा दुकानं मिळून आणखी १०० किलो मागतायत. अटी अशा: छापील किमतीवर २५ टक्के मार्जिन, ३० दिवस उधारी, न खपलेला माल परत. एक दुकान चिकोडीला आहे. ७५ छापू का?

ताळेबंद:
ताई, ७५ छापू नका, किलोमागे पदरचे ७ रुपये जातील. १५० हा फक्त कच्चा माल झाला. शंभर किलोत पाच किलो तुटली तर उरलेल्या अखंड चकलीला तोच माल १५८ ला पडतो. मजुरी ४०. गॅस १२ धरू (धंद्याला घरगुती सिलिंडर चालत नाही, १९ किलोचाच घ्या). किलोला चार पाकिटं, लेबल आणि सीलिंगसकट साडेतीन रुपयांना एक, म्हणजे १४. पोहोचवायचे ८. बेरीज २३२. ३०० मधून दुकानदाराचे ७५ गेले की हातात येतात २२५. गॅस, पाकीट, वाहतूक हे माझे अंदाज आहेत, तिथे तुमचे आकडे घाला.

आता घरगुती विक्री बघा. निम्मे म्हणजे १५ हजार सुटतात असं वाटतं, पण त्यातून मजुरी ४,०००, गॅस १,२००, पाकिटं १,४०० आणि तूट ८०० वजा करा. राहिले ७,६००. महिनाभर कढईपुढे उभं राहायची तुमची मजुरी यातच आली. ती खर्चात धरायलाच हवी, नाहीतर उद्या दुसरी बाई लावायची वेळ आली की पैसे कुठून देणार?

पाकिटावर १०० छापा. दुकानाकडून किलोला ३०० येतील, ६८ सुटतील. घरच्या गिऱ्हाइकालाही हळूहळू ३६० पर्यंत न्या, कारण शेजारच्या दुकानात ४०० आणि तुमच्या दारात ३०० असलं की दुकानदार माल ठेवत नाही. दोन्हीकडे शंभर-शंभर किलो गेली तर २० हजारांच्या आसपास हातात राहतात. छापण्याआधी त्या दुकानांतली बाकीची चकली ग्रॅमला काय भावाने जाते ते बघून या.

तेलाचा खर्च अंदाजाने धरू नका. तळणीआधी कढईतलं तेल मोजा, तळून झाल्यावर गार करून परत मोजा. जो फरक येईल तेवढं तेल त्या घाण्याच्या खर्चात धरा. काळं, दाट झालेलं तेल टाकावंच लागतं, तेही खर्चातच. ते वाचवायला गेलात तर चकली आठवड्यात खवट होते आणि परतीचा माल वाढतो.

बाजारपेठ:
भाव वर दिलाय तो बरोबर. माझ्या मते उधारी त्याहून जड जाईल. बाई, गॅस, तेल सगळं रोख आणि दुकान ३० दिवसांनी देणार. भाजणीपासून पैसे हातात येईपर्यंत दीड महिना धरा. शंभर किलोचे महिन्याला २३,२०० लागतात, म्हणजे साधारण ३५ हजार कायम अडकलेले. नफा दिसत असूनही धंदा इथेच बसतो.

३० दिवस कबूल करू नका, ‘बिल टू बिल’ सांगा: नवा माल टाकताना मागचं बिल चुकतं. पहिल्या खेपेला दुकानाला दोन-तीन किलोच द्या. माल पोहोचल्याच्या पावतीवर (डिलिव्हरी चलनावर) सही-शिक्का घ्या. परतीला पाच टक्क्यांची हद्द ठेवा, पाकीट बंद हवं, मुदत संपायला किमान पंधरा दिवस हवेत, आणि पैसे नाही, बदली माल.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, करून घ्या आणि नंबर बिलावर छापा. उत्पादक सूक्ष्म उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. किराणावाल्याशी यावरून भांडत बसू नका, मोठ्या मॉलला माल द्याल तेव्हा हे कामाला येईल.

सांगलीकर_स्वाती:
दोघांचेही आभार. जीएसटी लागेल का? उलाढाल ४० लाखांच्या आसपासही नाही.

कर_सल्ला:
महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकलंत तर ४० लाखांपर्यंत नाही. चिकोडी कर्नाटकात आहे आणि परराज्यात माल विकायचा तर पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागते. कंपोझिशनमध्येही (छोट्या धंद्यांसाठीची सोपी जीएसटी योजना) परराज्यात विकता येत नाही. दहा-वीस किलोसाठी हा व्याप नको, ते दुकान सध्या सोडा. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचा नाही, आणि तेलावर, पाकिटांवर भरलेला कर तुमच्या खर्चातच धरायचा.

अन्नपरवाना मात्र आधी घ्या. फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी होते, १४ अंकी नंबर पाकिटावर छापायचा. सोबत हिरवा ठिपका, घटक जास्तीकडून कमीकडे, निव्वळ वजन, बॅच, बनवल्याची आणि वापरायची तारीख, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन. एमआरपीजवळ ‘प्रति ग्रॅम ४० पैसे’ हेही लागतं, नेमकं तेच बहुतेकांचं राहतं. लेबलं आधी पाचशेच छापा, तेलाचा भाव हलला की किंमत बदलावी लागेल.