चर्चा: 'एसीचा गॅस घरीच भरा' म्हणणाऱ्यांसाठी

नौपाड्याचा नाना

आपल्या वाहनमालकांच्या ग्रुपवर परवापासून एक पोस्ट फिरतेय. म्हणे एसीवाले सगळे लुटारू, ऑनलाइन गॅसचा कॅन आणि दाबाचं घड्याळ असलेली नळी मागवा, इंजिन चालू ठेवून जोडा, काटा हिरव्या पट्ट्यात आला की काम फत्ते. वर हेही लिहिलंय की 'मी दर उन्हाळ्यात हेच करतो.' आणि खाली लोक अंगठे देताहेत.

दर उन्हाळ्यात! अहो, म्हणजे गाडीत लीक आहे हे तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगताय. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल, परत कॉम्प्रेसर, तोच गॅस गोल फिरतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. ते भोक शोधायचं सोडून वरून ओतत बसायचं म्हणजे फुटक्या माठाला रोज नवीन पाणी. शिवाय गॅसबरोबर ऑइलही जातं. आत दमट हवा शिरली की उरलेलं ऑइल ओलावा ओढून घेतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि एक दिवस कॉम्प्रेसर करकरायला लागतो. त्याचं बिल पाच आकडी. तेव्हा मोजा वाचवलेले पैसे.

आणि तो हिरवा पट्टा. बॉनेट उघडलंत तर स्टिकरवर गॅस ग्रॅममध्ये लिहिलेला असतो, लहान गाडीला साधारण ३५० ते ५०० ग्रॅम. ग्रॅममध्ये, दाबात नव्हे. मे महिन्यातल्या दुपारी आणि ऑगस्टच्या पावसात तेवढाच गॅस वेगवेगळा दाब दाखवतो. कॉम्प्रेसर थकलेला असेल तर गॅस कमी असूनही लो साइडचा, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचा, काटा हिरव्यात मस्त बसतो.

कूलंट, होज पाइप, पंखा, केबिन फिल्टर, कंडेन्सर धुणं, हे सगळं मी घरी करतो, तुम्हीही करा. गॅसच्या लायनीला हात लावू नका, एवढंच म्हणणं आहे.

घोडबंदरचा त्रस्त

ती पोस्ट माझी. सरळ मलाच टॅग केलं असतंत तरी चाललं असतं.

माठ वगैरे ठीक, पण गाडीचा एसी म्हणजे घरातला फ्रिज नव्हे. फ्रिजचा कॉम्प्रेसर वेल्डिंग मारून डब्यात बंद असतो. गाडीचा बेल्टवर फिरतो, शाफ्टला सील असतं, लायनीत रबरी होज असतात. थोडा थोडा गॅस त्यातून जातोच. त्यात आमचा रस्ता! गायमुखच्या खड्ड्यांतून रोज जाणाऱ्या गाडीचे जोड ढिले नाही झाले तरच नवल.

आता तुमचे 'तज्ज्ञ' काय करतात ते सांगतो, शेजारी उभं राहून पाहिलंय. आतला उरलेला गॅस फुस्स करून हवेत. व्हॅक्यूम पंप लावला, चहा येईपर्यंत चालवला, बंद. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवलाच नाही, काटा बघूनच भरला. पावती मागितली तर 'साहेब, गॅसवर पावती नसते.' दोन हजार घेतले. हेच मी कॅनने केलं तर अडाणी, त्याने केलं तर कारागीर?

नौपाड्याचा नाना

दुकानदार चुकीचं करतो म्हणून तेच आपण स्वस्तात करायचं, असं आहे तर. दुकान बदला की.

घोडबंदरचा त्रस्त

पत्ता द्या मग. देत नाही ना कोणी.

रीफरवाला, उलवे

न्हावा-शेव्याला रीफर, म्हणजे थंड माल नेणाऱ्या फ्रिजवाल्या, कंटेनरवर काम करतो, म्हणून बोलतो. तुम्ही दोघं दाबावर आणि पैशावर भांडताय, कॅनमध्ये काय आहे हे कोणीच विचारत नाही.

२०११ मध्ये व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये रीफरचे कॉम्प्रेसर फुटून माणसं मेली. लेबल आर-१३४ए चं, म्हणजे गाडीच्या एसीत भरतात त्या गॅसचं, आत भेसळ मिथाइल क्लोराइडची. हा माल ॲल्युमिनियमशी रिॲक्शन करून असं काही बनवतो, जे हवा लागताच पेट घेतं. जगभर हजारो कंटेनर बाजूला काढून तपासावे लागले. आता तुमच्या गाडीचा कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॉइल कशाचे असतात? ॲल्युमिनियमचेच. आमच्याकडे गॅस तपासायला यंत्र असतं. पार्किंगमध्ये तुमच्याकडे काय असतं, ऑनलाइन रेटिंग?

दुसरा प्रकार, 'कमी गॅसमध्ये डबल कूलिंग' म्हणून विकला जाणारा माल. बहुतेक वेळा तो प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण, म्हणजे घरच्या सिलिंडरचा भाऊच. थंड करतो, खोटं नाही बोलत. पण कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते. तिथे लीक झालं तर गॅस केबिनमध्ये येतो, आणि तुम्ही काचा लावून आत बसलेले.

व्हॅक्यूमचं त्रस्तरावांचं निरीक्षण मात्र बरोबर आहे. आपल्याकडच्या ३० अंशांत आतलं पाणी उकळवून काढायचं तर दाब साधारण ४० मिलिबारच्या खाली न्यावा लागतो आणि तिथे धरून ठेवावा लागतो. अर्धा तास पंप, मग पंप बंद करून काटा हलतो का ते बघायचं. हलला तर लीक. चहावाला व्हॅक्यूम काही कामाचा नाही. उरलेला गॅस हवेत सोडणं तर निव्वळ गुन्हा वाटतो मला, एक किलो आर-१३४ए म्हणजे १,३०० ते १,५०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका पृथ्वीला ताप. मशीनने ओढून परत वापरता येतो.

हायब्रिडवाल्यांनी तर लांबच राहा. तिथे कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो, ऑइल वेगळं असतं. साधं ऑइल घातलंत तर इन्सुलेशनची वाट.

सीवूड्सची ताई

मध्येच विचारते, माफ करा. माझ्या गाडीत डाव्या बाजूला पायाखालचं कार्पेट ओलं होतंय, एसी लावला की जास्त. मेकॅनिक म्हणतो कूलिंग कॉइल लीक आहे, पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल. खरं असेल का?

जुना ठाणेकर

एसी, एसी, एसी. आम्ही काचा खाली करून कोकणात जायचो. कशेडी घाटात फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवलं की गाडी चढायची. आता पोरांना तीन हात नाक्यापासून माजिवड्यापर्यंत एसी लागतो.

बरं, इंजिन गरम होतं म्हणून रडता ना? थर्मोस्टॅट काढून फेकून द्या. ही थंड देशातली वस्तू आहे, इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून. आपल्याकडे इंजिन गरम करायला वेगळं काही लागतं का? मी गाडी घेतली की पहिलं काम तेच करतो. काटा कधी पावाच्या वर गेलेला नाही.

कूलिंगवाला, तुर्भे

काका, या एका सल्ल्यावर आमची निम्मी दुकानं चालतात.

थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो, कारण इंजिनाला तेवढं तापमान हवंच असतं. त्याहून थंड चाललं की कॉम्प्युटरला वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीय, तो पेट्रोल जास्त सोडतो. ऑइलमधला ओलावा उडत नाही, इंजिनाच्या वरच्या टॅपेट कव्हरखाली चिखल साठतो. आणि कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसऱ्या बाजूने बायपास बंद करतो. तो काढलात की बायपास कायम उघडा, निम्मं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात. म्हणजे ट्रॅफिकमध्ये गाडी उलट जास्त तापते.

गेल्या महिन्यात एक गाडी टो होऊन आली. थर्मोस्टॅट नाही, रेडिएटरचं झाकण ढिलं, आत चॉकलेटी पाणी. ऑइलचं झाकण उघडलं तर आत दुधाळ फेस. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरच्या हेडमधलं सील, गेलेली, हेड वाकलेलं. मालक म्हणतो, 'आमच्या सासऱ्यांनी सांगितलं होतं.'

आणि ग्रुपवर लुटारू आम्ही.

जुना ठाणेकर

सासरा मी नव्हे, आधीच सांगतो.

तुम्ही पुस्तकातलं बोलताय, मी अनुभव सांगतोय. काळीपिवळीवाले वर्षानुवर्षं असेच चालवायचे, अंधेरी ते ठाणे, दिवसरात्र. कुणाचा कॉम्प्युटर रुसला नाही.

कूलिंगवाला, तुर्भे

त्यांना कॉम्प्युटर होता कुठे रुसायला? कार्ब्युरेटर होता.

नौपाड्याचा नाना

काका, काटा पावाच्या वर जात नाही याचा अभिमान कसला? तो अर्ध्याच्या जवळ स्थिर राहायला हवा. ताप नसणं चांगलं, पण अंग बर्फासारखं गार पडलं तर आपण डॉक्टरला बोलावतोच की.

जुना ठाणेकर

तरुणपणी तुमच्यासारखंच मोठमोठं बोलायचो. बरं, पाण्याचं काय? की तेही पुस्तकात बघून? मी नळाचं पाणी घालतो. ठाण्याचं पाणी उत्तम आहे.

घोडबंदरचा त्रस्त

ठाण्याचं पाणी?! काका, एकदा आमच्याकडे या. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये पाणी टँकरचं, टँकर कुठल्या बोअरचा ते देवाला ठाऊक. बादलीच्या कडेला पांढरी खपली धरते. तीच रेडिएटरच्या नळ्यांत धरणार.

वाशीकर

म्हणूनच आम्ही खाडीच्या अलीकडे राहतो. मोरबे धरण आमचं स्वतःचं. तुम्ही मागत फिरा पाणी.

घोडबंदरचा त्रस्त

हे आलेच. नवी मुंबईकर कुठल्याही चर्चेत मोरबे धरण कधी काढतात याचीच वाट बघत होतो. खाडीच्या वासाबद्दल कधी बोलता का? ऐरोलीत माझ्या भावाकडे स्प्लिट एसीची कॉपर कॉइल टिकत नाही. तांबं काळं पडतं.

वाशीकर

तो तांब्याचा प्रश्न आहे, गाडीत ॲल्युमिनियम असतं, रीफरवाल्यांनी आत्ताच सांगितलं. वाचत जा.

कूलिंगवाला, तुर्भे

मोरबेचंही नको आणि टँकरचंही नको. बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, किंवा तयार मिक्स. निम्मंनिम्मं मिश्रण उघड्यावर १०६-१०७ अंशांना उकळतं. झाकण एक बारच्या आसपास दाब धरतं, त्यामुळे सिस्टिममध्ये तेच सव्वाशेच्या वर जातं. साध्या पाण्यात गंज रोखायलाही काही नसतं. हिरव्यात लाल मिसळू नका, काही जोड्यांचा जेलीसारखा गाळ होतो. आणि ते झाकण शंभराच्या नोटेत येतं का बघू नका, गाडीला लागतं त्याच दाबाचं घ्या.

सेक्रेटरी आहे, तरी माणूस आहे

आता माझं ऐका. 'कूलंट घरीच बदला' म्हणणाऱ्या नानांनी जुनं कूलंट कुठे ओततात ते सांगावं. आमच्या स्टिल्टमध्ये रविवारी सकाळी एक गृहस्थ गाडीखाली झोपतात, हिरवं पाणी गटाराकडे वाहतं, नोटीस काढली की म्हणतात 'मेंटेनन्स भरतो.' ते पाणी गोड असतं. एथिलीन ग्लायकॉल. आमच्या गेटवरची कुत्री ते चाटून गेली. त्यातलं एक वाचलं नाही, डॉक्टर म्हणाले किडन्या गेल्या. लहान मुलं तिथेच सायकल चालवतात.

गॅस फुटेल तेव्हा फुटेल. माझ्या दृष्टीने ही हिरवी बादली जास्त धोक्याची आहे.

घोडबंदरचा त्रस्त

बघा! नानांचं 'सुरक्षित' काम. माझ्या कॅनने कुत्रं मेलं नाही.

नौपाड्याचा नाना

मी घमेल्यात काढतो, झाकणाच्या कॅनमध्ये भरतो आणि गॅरेजवाल्याच्या ड्रममध्ये नेऊन देतो. पण खरंय, पोस्टमध्ये हे लिहायला हवं होतं. सेक्रेटरीसाहेब, तुमचा मुद्दा मान्य. तुमचा स्वर नाही.

सेक्रेटरी आहे, तरी माणूस आहे

स्वर सोसायटीच्या आठ वर्षांच्या वार्षिक सभांमधून आलाय.

रीफरवाला, उलवे

त्रस्तराव, कॅन वापरणारच असाल तर निदान एवढं पाळा. गॉगल आणि हातमोजे. हा गॅस उघड्यावर उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात थेंब गेला तर डोळा जातो. कॅन उभा धरा, उलटा केलात तर द्रव कॉम्प्रेसरमध्ये जाईल आणि द्रव काही दाबला जात नाही. जोडणी फक्त लो साइडला. हाय साइडचा, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा, कपलर (जोड) मुद्दाम १६ मिलिमीटरचा ठेवलाय, लो साइडचा १३. ॲडॉप्टर लावून हुशारी करू नका, तिकडून दाब उलटा कॅनमध्ये येऊन कॅन फुटतो. लीक बंद करणारं औषध मिसळलेला कॅन घेऊ नका, ते आमच्या मशीनमध्ये जाऊन बसतं, मग चांगला मेकॅनिक गाडीला हात लावत नाही.

आणि गॅसच्या आधी जाळी बघा. पुढच्या ग्रिलला डासांसाठी बारीक जाळी लावलीय?

घोडबंदरचा त्रस्त

लावलीय. का?

कूलिंगवाला, तुर्भे

झालं. कंडेन्सरला हवाच नाही. हायवेला थंड आणि जॅममध्ये गरम हवा येते ना? तो गॅसचा रोग नाही, हवेचा आहे. जाळी काढा, कंडेन्सर साध्या पाइपने धुवा, प्रेशर पंप जवळ धरू नका, पात्या वाकतात. पंख्याचा रिले (विजेचा स्विच) दुसऱ्या तशाच रिलेशी बदलून बघा. हात घालताना बॅटरीची वायर काढा, इंजिन बंद असलं तरी पंखा अचानक सुरू होतो.

घोडबंदरचा त्रस्त

हे फुकट सांगितलंत म्हणून ऐकतो. दोन हजारवाल्याने जाळीकडे बघितलंही नव्हतं. पण माझं मत बदललेलं नाही. वजनकाटा मागवलाय, या वेळी ग्रॅममध्ये भरेन. नाना खूश?

नौपाड्याचा नाना

खूश नाही. कमी नाखूश.

सीवूड्सची ताई

माझ्या कार्पेटचं कोणी सांगेल का? मोरबे धरणापर्यंत जाऊन आलात सगळे.

कूलिंगवाला, तुर्भे

ताई, सॉरी. एसी थंड करतोय का? करत असेल तर कॉइल लीक नाही. कॉइल फुटली तर गॅस जातो, पाणी येत नाही. एसी चालू असताना गाडीखाली पाणी टपकतं का बघा. टपकायलाच हवं, ते हवेतलं पाणी आहे. टपकत नसेल तर त्याची निचऱ्याची रबरी नळी चोंदली आहे आणि पाणी आत वळलंय. नळी डाव्या बाजूला, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून खाली येते. इंजिन थंड असताना खालून मऊ वायर हळू घाला, जोर लावू नका. डॅशबोर्ड अजिबात उतरवू देऊ नका.

सीवूड्सची ताई

मुलाने वायर घातली. भसकन पाणी आलं, त्याच्या तोंडावरच. वाळकी पानं आणि काळा गाळ. पण आता गाडीत कुबट वास येतोय, तो कशाने जाईल?

जुना ठाणेकर

काचा खाली करा.