बॅगा लावून घाट चढताना गुडघे बोलतात – गिअर बदलू की सराव वाढवू?

मधला_गिअर:
नमस्कार मंडळी. रोड बाइक (डांबरी रस्त्यावरची सायकल) आहे, पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या (५०/३४), मागे ११ ते २८ दात्यांची कॅसेट म्हणजे चकत्यांचा संच (११-२८), ११ स्पीड. सपाटीवर मस्त पळते, रिकाम्या बाइकवर छोटे चढही निघतात. आता डोंगराळ भागात तीन-चार दिवसांची टूर करायची आहे, रस्ता डांबरीच पण एकेक चढ आठ-दहा किलोमीटरचा, बहुतेक ६-७ टक्के आणि मधेच एखादा तुकडा १०-१२ चा. सामान लादून ट्रायल घेतली तर सगळ्यात हलक्या गिअरवरसुद्धा उभं राहून पेडल मारावं लागतंय, कॅडेन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ५० च्या आसपास, आणि वर पोचेपर्यंत गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. ग्रुपमधले म्हणतात गिअर काय बदलतोस, पाय तयार कर. दुसरं म्हणजे उतार. रिम ब्रेक (चाकाची कडा म्हणजे रिम पकडणारे) आहेत, धरून ठेवले तर तापतात, सोडले तर सायकल सुसाट सुटते. काय करावं?

तेलकट_चेन:
गिअर बदल, डोळे मिटून बदल. हिशोबच बघ ना. तू, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो धरू. ८ टक्क्यांच्या चढावर गुरुत्वाकर्षण आणि टायरचं घर्षण मिळून साधारण ८० न्यूटन तुला मागे ओढतात. पुढे ३४, मागे २८ लावून ७० चा कॅडेन्स ठेवायचा म्हटलं तर वेग पावणेअकरा किमी आणि त्यासाठी जवळपास २४० वॉट लागतात, ते तासभर काढत बसणं बहुतेक हौशी लोकांच्या आवाक्याबाहेर असतं. मग आपोआप काय होतं, कॅडेन्स ५० वर येतो, वॉट १७० वर येतात, दम टिकतो पण पेडलवर प्रत्येक वेळी लागणारा जोर तेवढाच राहतो आणि तो गुडघा झेलतो. मागे ११-३४ टाकलीस की तेच १७० वॉट ६० च्या कॅडेन्सने निघतात, आणि प्रत्येक दाब हलका. फक्त मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) बघ, लांब पिंजऱ्याचा असेल तर ३४ दाते झेपतात, आखूड असेल तर नाही. आणि चेन नवी, लांब घ्यावी लागेल, जुनीच ठेवून चुकून पुढे-मागे दोन्हीकडे सगळ्यात मोठी चकती पडली तर डिरेलरच उपटून येईल.

सरळ_चढ:
सगळ्यांना खर्चच करायचा असतो! आधी सीटची उंची बघ ना यार. गुडघ्याच्या पुढे दुखतंय म्हणजे पुष्कळदा सीट खाली असते. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंशात वाकलेला हवा, त्यापेक्षा जास्त वाकत असेल तर कितीही हलका गिअर लाव, दुखणारच. आणि सामानाचं वजन कर एकदा. १० किलो कमी केलेस तर त्याच चढावर ८-९ न्यूटन कमी, म्हणजे दहा टक्के मेहनत फुकट वाचली. बाकी चढ सुरू होताना सगळे जोशात सुटतात आणि दुसऱ्याच किलोमीटरला धापा टाकतात, सुरुवातीला मुद्दाम हळू जा, बोलता येईल इतका श्वास ठेव. पायांचा सराव मात्र टाळता येत नाही.

तेलकट_चेन:
सीटचं पटलं. पण "गिअर म्हणजे लाड" हा हट्ट जुनाच आहे, तुझा एकट्याचा नाही. टूर द फ्रान्सनं डिरेलरला परवानगी दिली ती थेट १९३७ मध्ये, त्याआधी पठ्ठे मागचं चाक काढून उलटं बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या दात्यांवर चढायचे. बॅगा घेऊन फिरणाऱ्यानं त्या परंपरेला मुजरा करावा आणि ३४ लावावी. पुढे ४६/३० ची क्रँक (पेडलचे दांडे आणि पुढच्या चकत्या) मिळाली तर अजून मजा, पण मग पुढचा डिरेलरही खाली सरकवावा लागतो, म्हणून आधी कॅसेट.

उतारावर_शांत:
चढावर भांडून झालं असेल तर उताराचं बोलतो, कारण चढ चुकला तर नुसता दम जातो, उतार चुकला तर चामडं जातं.

५०० मीटर उंचीवरून ९५ किलो खाली आणायचे म्हणजे साडेचार लाख ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा कुठेतरी जिरवायची असते. वेगात गेलास तर त्यातली बरीच हवा खाते, भीतीनं ब्रेक अर्धवट दाबून रमतगमत आलास तर ती सगळी रिमवर येते. रिम तापली की ट्यूबमधली हवा पण तापते, दाब वाढतो, लांब उतारावर टायर सुटण्याचे प्रकार याच्यामुळे होतात, आणि कार्बन रिम असेल तर ती मऊ पडायची भीती वेगळीच. म्हणून सतत धरू नकोस. सरळ पट्ट्यात थोडा वेग येऊ दे, वळणाच्या आधीच, सायकल उभी असतानाच दोन्ही ब्रेक जोरात पण सलग दाब, मग सोड आणि वळणात शक्यतो हात लावू नको. नजर वळणाच्या बाहेर पडायच्या जागेवर, बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर) कारण तिथून लिव्हरला जास्त जोर मिळतो. पुढच्या ब्रेकला लोक उगाच घाबरतात, खरं काम तोच करतो. मागचा एकटा दाबलास तर ओल्या रस्त्यावर चाक घसरत जाईल.

वळणाच्या आतल्या कडेला खडी साचते, तिकडे आधीच बघ. निघण्याआधी ब्रेक पॅड काढून बघ, रबरात रुतलेले धातूचे चमकणारे कण टोकदार काहीतरी घेऊन काढ, नाहीतर तेच रिम खातात. आणि लादलेली सायकल उतारावर थरथरायला लागली तर हँडल आवळून धरू नको, वरच्या पाइपला गुडघा टेकव, हळूहळू वेग उतरव. मागची बॅग उंच आणि सैल असेल तर हे हमखास होतं, जड सामान खाली आणि घट्ट बांध.

हो, वर पोचल्यावर घामेजलेला असशील, जॅकेट चढवूनच खाली ये, गारठलेल्या बोटांनी ब्रेक नीट दाबले जात नाहीत.

मधला_गिअर:
भारी, धन्यवाद सगळ्यांना. सीट सेंटीमीटरभर वर घेतली, फरक पडतोय असं वाटतंय. डिरेलर आखूड पिंजऱ्याचा निघाला. हँगर एक्स्टेंडर (डिरेलर थोडा खाली आणणारा जोड) लावून ३४ बसवतात म्हणे, चालेल का?

तेलकट_चेन:
चालतं, पण लहान दात्यांवर गिअर बदलताना सुस्ती येते आणि बी-स्क्रू (डिरेलर आणि दात्यांमधलं अंतर ठरवणारा) फिरवत बसावं लागतं. टूरला जाणार असशील तर लांब पिंजऱ्याचा डिरेलरच घे, आणि निघण्याआधी बॅगा लावूनच एखादा चढ करून बघ, म्हणजे चेन उडत असेल तर घरीच कळेल.