टोकियो ते लंडन विमानाला नक्की किती तास लागतात?

समुद्रपक्षी:
जानेवारीत आईला घेऊन टोकियोहून लंडनला जायचंय, डायरेक्ट फ्लाइट आहे. ऑनलाइन बघितलं तर अंतर ९,६०० किमीच्या आसपास दाखवतंय आणि विमान ताशी ९०० किमीने जातं म्हणजे पावणेअकरा तास झाले, पण तिकिटावर सकाळी ११ ला सुटून त्याच दिवशी दुपारी साडेचारला पोचणार असं आहे, मग हे साडेपाच तास कसे? आईचे गुडघे दुखतात, तिला किती वेळ बसावं लागणार ते आधी कळायला हवंय.

कागदी_होडी:
तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या लोकल टाइमने असतात. जानेवारीत टोकियो लंडनच्या ९ तास पुढे असतं, साडेपाचात ते ९ मिळवा. साडेचौदा तास. उन्हाळ्यात फरक ८ तासांचा होतो, लंडनची घड्याळं मार्चअखेर तासभर पुढे करतात, जपानमध्ये बदलत नाहीत.

ध्रुवतारा:
आणि पावणेअकराचे साडेचौदा का झाले ते सांगतो. ९,६०० हे सगळ्यात जवळचं अंतर, पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तो सायबेरियावरून जाईल. आधी विमानं तिथूनच जायची आणि बारा-साडेबारा तासांत पोचायची. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं आणि रशियावरून जाणारा तो रस्ता बंद झाला. आता लंडन पश्चिमेला असूनही टोकियोहून निघालेलं विमान बहुतेक वेळा आधी ईशान्येला वळतं, पॅसिफिक, अलास्का, आर्क्टिक, ग्रीनलंड असं करत वरून खाली उतरतं. शीतयुद्धात पण सोव्हिएत आकाश बंद होतं तेव्हा अलास्कातल्या अँकरेजला थांबून इंधन भरून जायचे.

वारा_वाहतो:
यात वाऱ्याचा भाग मोठा आहे. १० किमी उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, हिवाळ्यात जपानवर तर फारच जोरात (तो पहिल्यांदा नीट मोजला तोही जपानच्याच वासाबुरो ओइशींनी, १९२०च्या दशकात, फुगे सोडून). अलास्काकडे जाताना तो पाठीमागून ढकलतो म्हणून एवढा लांबचा वळसा परवडतो. येताना लंडनहून मध्य आशियावरून येतात, तेव्हाही वारा पाठीशीच, त्यामुळे परतीला बरेचदा तासभर कमी लागतो. म्हणजे जाऊन येऊन आईची अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा होईल!

समुद्रपक्षी:
प्रदक्षिणेचं ऐकून आई एकदम खूश झाली, आता ती जाणारच म्हणतेय. पण साडेचौदा तास सलग बसून?

कागदी_होडी:
सलग नका बसवू. त्यात धावपट्टीपर्यंत जायचा-यायचा वेळही धरलेला असतो, हवेत थोडं कमीच. आईंना पॅसेजकडची सीट घ्या, दर तास-दीड तासाने उठवून चालवा. आणि व्हीलचेअर निदान ४८ तास आधी सांगून ठेवा, विमानतळावर चालणं खूप असतं, गुडघे तिथेच जास्त दुखतात. माझ्या आईच्या वेळी मी हे सांगायला विसरले होते, फार हाल झाले तिचे.