बाबांच्या पायाची जखम व्हिडिओवर दाखवून भागते का?

पांदणवाट (यवतमाळ जिल्हा): लॉकडाउन लागला अन् बाबांची नागपूरची ओपीडी फोनवर आली. शुगर जुनी, घोट्याजवळ जखम, पोटरीच्या शिरा फुगलेल्या. रेंज फक्त गच्चीवर, म्हणून बाबा उन्हात पाय लांब करून बसतात, मी मोबाइल धरतो. ते म्हणतात, "हात न लावता डॉक्टर काय पाह्यते?" मला तर भाड्याची गाडी वाचते तेच बरं वाटते. फुगलेल्या शिरांसाठी मेडिकलवाला घट्ट मोजे देतो म्हणतो. घेऊ?

वर्धेची_नर्स: मोजे मनानं अजिबात घालू नका दादा! पायाला रक्त नेणारी धमनी अरुंद असली तर घट्ट मोज्यानं रक्त आणखी अडते. आधी घोट्याचा अन् दंडाचा बीपी मोजून तुलना करतात, किंवा डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह पाहायची तपासणी. ते फोनवर होत नाही, पायाची नाडीही बोटांनीच लागते. बाबा खोटं नाही बोलत. जखमेचे फोटो सावलीत काढा, बाजूला रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळते. पाय एकाएकी थंड, पांढरा, बधिर पडला तर कॉलची वाट पाहू नका, 108 लावा.

संत्रीवाला_काटोल: आमच्या मायला फोनच आवडला. ओपीडीत बोलायची लाजते, घरी खाटेवर बसून सारं सांगते. ई-संजीवनी ओपीडी, म्हणजे सरकारची घरूनच डॉक्टरशी बोलायची सेवा, एप्रिल 2020 पासून आहे, फुकट. साध्या गोळ्यांसाठी ठीक.

पांदणवाट: मोजे रद्द. डॉपलरसाठी घेऊन जातो. बाबा खूश, "म्या म्हटलं होतं" सुरू आहे.