साठीनंतर स्नायू कमावणं: तुमचे अनुभव लिहा

आपल्याकडे साठी उलटली की सल्ला ठरलेला: "रोज फिरायला जा, जड काही उचलू नका." फिरायला जायचं ते उत्तमच. पण जड न उचलण्याच्या सल्ल्याने आपल्या आईवडिलांच्या पिढीचं फार नुकसान केलं, असं मला मनापासून वाटतं. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. चालण्याने हृदयाला आणि रक्तातल्या साखरेला फायदा होतो, पण मांड्या, पाठ, खांदे यांना पुरेसा भार मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये पासष्टीपुढच्यांनाही आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगितला आहे.

"या वयात आता काय होणार?" असं विचारणाऱ्यांना मी नेहमी बोस्टनचा १९९० सालचा अभ्यास सांगते. शुश्रूषागृहात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं. नऊ जणांनी ते पूर्ण केलं आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

तेव्हा उशिरा सुरुवात केलेल्यांनी, किंवा घरातल्या मोठ्यांना करायला लावलेल्यांनी इथे सविस्तर लिहा. काय केलं, काय खाल्लं, कुठे दुखलं, सगळं.

सांगली, वय ६६, निवृत्त शिक्षिका

पूजेला मांडी घालून बसले की उठताना पाटाला किंवा भिंतीला हात लागायचाच. फिजिओथेरपिस्टकडे गेले ती गुडघ्यासाठी. तिने गुडघे तपासले आणि म्हणाली, "काकू, मांड्यांत जोर नाही." हात छातीशी धरून खुर्चीवरून उठायचं आणि सावकाश बसायचं, एवढंच पहिले काही आठवडे. मग हातात पाण्याच्या बाटल्या, मग पायांना वाळूचे पट्टे, आता पाच-पाच किलोचे डंबेल्स. दळणाचा दहा किलोचा डबा मी स्वतः गिरणीत नेते, आणि त्याचा मला खरोखर अभिमान आहे.

मला बायकांना सांगायचंय ते जेवणाबद्दल. आमच्याकडे आमटी पातळ, पोळ्या तीन, भात वर. ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं तज्ज्ञ सांगतात. माझं वजन साठ किलो, म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम. वाटीभर आमटीतून सहा-सात मिळतात, कपभर दुधातून तेवढीच, शंभर ग्रॅम पनीरमधून अठराच्या आसपास. हिशेब मांडला की लक्षात येतं. उपासाच्या दिवशी तर साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. चातुर्मासातले उपास मी सोडले नाहीत, पण खिचडीऐवजी दाण्याची आमटी, दही, दूध, पनीर असं खाते.

कोल्हापूर, वय ७१

आमची हाडं तांबड्या मातीत वाढलेली. नोकरी लागली आणि तालीम सुटली, खाणं मात्र पैलवानाचंच राहिलं. पासष्टीला परत सुरू केलं तेव्हा वस्तादांचं एक वाक्य उपयोगी पडलं: आधी सांधे उघड, मग अंग तापव, मग जोर मार. आता मी जोर जमिनीवर मारत नाही. आधी भिंतीला हात टेकून, मग ओट्यावर, मग जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर. हात जितके खाली टेकाल तितका भार वाढतो. हलकं करेल (तालमीतलं लाकडी मुद्गल) फिरवतो, त्यानं खांदे मोकळे झाले; वरच्या फळीवरचा डबा काढताना आता खांदा धरत नाही.

जुन्या गड्यांना हात जोडून सांगतो. गुडघ्याची कूर्चा (हाडांमधली गादी) झिजली असंल तर पूर्ण बैठका काढू नका. अर्धी बैठक, खाली सावकाश जायचं, घाई नको. पूर्वी शेकड्यानं बैठका काढल्या, तो आकडा आता डोक्यातनं काढून टाका. त्या नादात माझ्या जोडीचे दोघं कायमचे खुर्चीला खिळलेत.

पुणे, आईबद्दल (वय ७८)

आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. हाड जुळलं, पण अंथरुणात गेलेल्या आठवड्यांत तिच्या मांड्या इतक्या सुकल्या की तिला पुसून घेताना मला रडू यायचं. भेटायला येणारे सगळे म्हणत, "आता आराम करू दे त्यांना." आम्ही मात्र डॉक्टरांच्या परवानगीने पलंगावरच सुरुवात केली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. घोटा वरखाली. पुढे उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणं. त्यानंतर वॉकर, आणि मग स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणं.

दोन महिन्यांनंतर ती कंटाळली. रोज तेच तेच, आणि फरक तिला दिसेना. तेव्हा मी भिंतीवर कागद लावला आणि खुर्चीतून पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात ते दर रविवारी लिहू लागले. सुरुवातीला तिला हात टेकल्याशिवाय एकदाही उठता येत नव्हतं. सहा-सात महिन्यांनी पाच वेळा उठणं अठरा सेकंदांवर आलं. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषानुसार बारा किंवा त्याहून जास्त सेकंद लागले तर शारीरिक क्षमता कमी धरतात, म्हणजे अजून वाट बाकी आहे. पण ती न्हाणीघरात एकटी जाते, आणि कठड्याला धरून एक मजला चढते.

खाणं हा मोठा प्रश्न होता, कारण दोन घासांत तिचं पोट भरायचं. नाचणीच्या खिरीत दुधाची पावडर, उपम्यात पनीर कुस्करून, मुगाचं धिरडं दह्याबरोबर, असं थोडं थोडं दिवसभर दिलं. प्रथिनं वाढवण्याआधी मूत्रपिंडं ठीक आहेत ना हे कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घेतलं होतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

डोंबिवली, वय ५९, मधुमेह

थोडक्यात लिहितो. जिममध्ये लेग प्रेस, छातीचं आणि पाठीचं मशीन, आठवड्यातून तीनदा. वजन असं निवडतो की दहाव्या-बाराव्या वेळी कष्ट पडले पाहिजेत. सहज जमलं की पुढच्या आठवड्यात थोडं वाढवतो. उचलताना श्वास सोडायचा. श्वास रोखून उचललं की रक्तदाब एकदम चढतो, आणि हे जिममधल्या पोरांना कुणी सांगितलेलं नसतं. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोज ठेवावं. व्यायामानंतर काही तासांनीही साखर उतरू शकते.

मालवण, वय ७३

बागायत आहे, रोज कुदळ मारतो, माडांना पाणी देतो. मग वेगळा व्यायाम कशाला?

धागाकर्ती (हा विषय सुरू करणारी)

काका, तुमचं शरीर आमच्यापेक्षा नक्कीच कणखर असणार. पण कुदळ मारताना पाठ पुढे वाकते आणि ठरावीक स्नायू पुन्हा पुन्हा वापरले जातात. तोल सांभाळण्याचा सराव त्यात फारसा होत नाही, आणि या वयात हाड मोडतं ते बहुतेकदा पडल्यामुळेच. एकदा करून बघा: खळ्यात खांबाजवळ उभं राहून एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या. जमलं तर तीच गोष्ट मान डावी-उजवीकडे वळवत. दोन्ही पायांत किती फरक पडला ते इथे लिहा, म्हणजे पुढचं ठरवता येईल.

मालवण, वय ७३

उजव्यावर दहा आरामात. डाव्यावर चारालाच खांब धरला. पुढचं सांगा.