मदत हवी आहे: घरून दिलेल्या टपाली मताचं पुढे काय होतं?

नमस्कार. आम्ही नेरूळला राहतो. सासरे ८७ वर्षांचे, जिना उतरणं बंद झालंय. २०२४ च्या विधानसभेला बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) बाईंनी १२-ड फॉर्म, म्हणजे घरून टपाली मत देण्यासाठीचा अर्ज, घरी आणून दिला. ८५ च्या पुढच्यांना ही सोय आहे. मतदानाच्या आधी दोन अधिकारी, सूक्ष्म निरीक्षक, पोलीस आणि व्हिडिओवाला असे सगळे घरी आले. आडोसा लावला, आम्हाला खोलीबाहेर पाठवलं. सगळं नीट झालं.

पण अण्णांची, म्हणजे सासऱ्यांची, नजर अजून तीक्ष्ण आहे. मतपत्रिका गेली छोट्या पाकिटात, त्या पाकिटावर तिचा क्रमांक. सही केलेल्या घोषणापत्रावर नाव आणि पुन्हा तोच क्रमांक. दोन्ही एकाच मोठ्या पाकिटात! "मग उघडणाऱ्याला माझं मत कळणारच की," असं ते अजूनही म्हणतात. शिवाय हात थरथरतो, सही वाकडी आली. तेवढ्यावरून मत बाद झालं असेल का? आमच्या बेलापूर मतदारसंघाचा निकाल ३७७ मतांनी लागला, म्हणून त्यांना जास्तच लागून राहिलंय. कुणी मोजणीला बसलं असेल तर कृपया सांगा.

उत्तर:
ताई, मी निवृत्त शिक्षक, ठाण्याचा. टपाली मतांच्या टेबलावर काम केलंय. अण्णांची शंका अगदी रास्त आहे आणि नियमात तिचं उत्तरही आहे. आधी फक्त मोठं पाकीट उघडतात. घोषणापत्रावर सही आहे का, अधिकाऱ्याने ती साक्षांकित केली आहे का, क्रमांक छोट्या पाकिटाशी जुळतो का, एवढंच बघतात. जुनी सही काढून ताडत नाहीत, तेव्हा वाकडी असली तरी हरकत नाही. यात काही चुकलं तर छोटं पाकीट न उघडताच बाद होतं.

आता महत्त्वाचं. योग्य ठरलेली सगळी घोषणापत्रं वेगळ्या पाकिटात घालून आधी सीलबंद करतात, त्यानंतरच छोटी पाकिटं उघडायला घेतात. मत बाहेर येतं तेव्हा नावाचा कागद टेबलावर नसतोच. उमेदवारांचे प्रतिनिधी समोर बसून हे बघत असतात.

मोजणीपर्यंत पाकिटं निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या ताब्यात, स्ट्राँगरूममध्ये. मोजणी सकाळी ८ ला यांच्यापासूनच सुरू होते, यंत्रं अर्ध्या तासाने. आणि जिंकण्याचा फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी निघाला, तर ती बाद मतं निकालाआधी पुन्हा तपासावीच लागतात.

धागाकर्ती:
सर, मनापासून आभार. अण्णांना वाचून दाखवलं. सील करण्याचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. आता विचारताहेत, पुढच्या वेळी खुर्चीतून खाली नेलं तर केंद्रावर जाऊन मत देता येईल का? रांगेत भेटणाऱ्या मंडळींची त्यांना फार आठवण येते.

उत्तर:
येईल की. फक्त तेव्हा १२-ड भरू नका. टपाली मतपत्रिका मंजूर झाली की यादीत नावापुढे 'पीबी' (पोस्टल बॅलट) लागतं आणि मग केंद्रावर मतदान करू देत नाहीत. अण्णांना माझा नमस्कार सांगा.