मायक्रोवेव्ह दुरुस्त करणारा जवळपासचा माहीतगार माणूस हवा आहे

रानजाई: नमस्कार. आमचा मायक्रोवेव्ह चालू होतो, पण काहीही गरम करत नाही. कंपनीच्या ग्राहकसेवेकडे तक्रार नोंदवली की प्रत्येक वेळी नवा तक्रार क्रमांक मिळतो, माणूस मात्र येत नाही. इंटरनेटवर ‘अधिकृत’ म्हणून जो क्रमांक सापडला, तिथे फोन उचलणाऱ्या व्यक्तीने आपण कंपनीतूनच बोलत असल्याचे सांगितले आणि मग तुमचा मायक्रोवेव्ह कोणत्या कंपनीचा आहे, असे मलाच विचारले. घरी येणारा भरवशाचा तंत्रज्ञ कुणाच्या माहितीत असल्यास कृपया लवकर कळवावे.

उंबरठा: आपण गाव कोणते ते लिहिलेले नाही, तसेच कंपनी, मॉडेल आणि यंत्राचे वय यांपैकीही काहीच लिहिलेले नाही. एवढ्यावर कुणी काय सुचवणार?

रानजाई: गावाचे नाव व्यक्तिगत निरोपातून कळवले आहे. मला माणूस हवा आहे. त्यासाठी मॉडेल कशाला लागते?

जुनापुराणा: माझे ऐकाल तर शोधाशोध सोडून द्या. गरम होत नाही म्हणजे मॅग्नेट्रॉन (गरम करणाऱ्या लहरी तयार करणारा भाग) गेला, आणि त्याचा खर्च ऐकल्यावर तुम्ही नवेच यंत्र घ्याल. आमच्याकडे नेमके हेच घडले.

तारायंत्र: यंत्र न उघडता मॅग्नेट्रॉनवर खापर फोडणे बरोबर नाही. दाराचा एखादा स्विच, उच्च विद्युतदाबाचा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) किंवा फ्यूज, यांपैकी काहीही बिघडले तरी लक्षण हेच दिसते आणि हे सगळे भाग मॅग्नेट्रॉनपेक्षा स्वस्त असतात. रानजाई, मॉडेल अशासाठी लागते की इन्व्हर्टर प्रकारच्या यंत्रात जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो आणि त्याची दुरुस्ती प्रत्येकाला जमत नाही. जो तंत्रज्ञ फोनवर मॉडेल आणि लक्षणे न विचारताच ‘होऊन जाईल’ म्हणतो, त्याला बोलावूच नये. आता सांगा, ताटली फिरते का? दिवा लागतो का? आणि चालू असताना आवाज नेहमीचाच येतो की बदलला आहे?

रानजाई: दिवा लागतो, ताटली फिरते, वेळही बरोबर मोजली जाते. आवाज मात्र पूर्वीपेक्षा बराच मोठा आणि घोगरा येतो. इन्व्हर्टर असे कुठेही लिहिलेले नाही आणि यंत्र उचलायला चांगलेच जड आहे.

तारायंत्र: मग यंत्र साध्या ट्रान्सफॉर्मरचे असावे. असा मोठा घुमणारा आवाज डायोड किंवा कपॅसिटर शॉर्ट झाल्यावर येतो. मॅग्नेट्रॉन आतून शॉर्ट झाल्यासही येऊ शकतो, परंतु आधी स्वस्त भाग तपासावेत हे उत्तम. तपासणी होईपर्यंत यंत्र पुन्हा चालवून पाहू नका.

हरहुन्नरी: एवढ्यासाठी तंत्रज्ञ कशाला? प्लग काढावा, मागचे स्क्रू सोडवावेत आणि मल्टिमीटरने एकेक भाग तपासावा. मी घरातली सगळी उपकरणे अशीच दुरुस्त करतो.

तारायंत्र: हा सल्ला कृपया कुणीही पाळू नये. या यंत्रात मॅग्नेट्रॉनला सुमारे ४००० व्होल्टचा दाब मिळतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठून राहू शकतो. तो जीवघेणा ठरू शकतो. शिवाय साध्या मल्टिमीटरची मर्यादा ६०० किंवा १००० व्होल्ट असते, आणि उच्च दाबाच्या डायोडची चाचणीही त्याने धड होत नाही.

हरहुन्नरी: उगाच बाऊ करू नका. कपॅसिटरच्या आत रोधक बसवलेला असतो; तो काही वेळात भार उतरवून टाकतो.

तारायंत्र: तो रोधक तुटला असेल तर? बाहेरून ते कळायला काहीच मार्ग नसतो. म्हणूनच जाणकार माणूस झाकण काढल्यावर कशालाही हात लावण्याआधी कपॅसिटर डिस्चार्ज करतो. तंत्रज्ञ पारखायचा असेल तर नेमके एवढेच पाहावे.

सावली: दुरुस्तीचे राहू द्या, या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या लहरींचा विचार कुणी केला आहे का? आम्ही तर ते चालू असताना स्वयंपाकघरात थांबतच नाही.

उंबरठा: सावली, प्रश्न तो नाही. तरीही सांगतो: दार उघडताच लहरी बंद व्हाव्यात म्हणून दाराला एकाहून अधिक स्विच असतात, आणि वापरातील यंत्रापासून ५ सेंटिमीटर अंतरावर गळतीची प्रचलित मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलीवॉट आहे. दार वाकलेले किंवा बिजागरी सैल असेल तर मात्र यंत्र वापरू नये.

रानजाई: माहितीबद्दल आभार, पण माणूस शोधायचा कुठे, हे अजून कुणीच सांगितलेले नाही.

उंबरठा: इंटरनेटवरच्या याद्यांपेक्षा उपकरणांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात जा आणि मायक्रोवेव्हचे डायोड व मॅग्नेट्रॉन तुमच्याकडून नियमितपणे कोण नेतो, असे विचारा. दुकानदाराला खरा कारागीर आणि नुसता फोन उचलणारा यांतला फरक नेमका ठाऊक असतो, कारण चुकीचा भाग नेऊन परत आणणाऱ्यांचा त्रास त्यालाच होतो.

जुनापुराणा: आणि तो दुकानदार आपल्याच ओळखीच्याला पाठवून दुप्पट पैसे घ्यायला लावील.

उंबरठा: म्हणूनच तपासणीचे शुल्क आणि भागाची किंमत आधी वेगवेगळी विचारून घ्यावी, बदललेला जुना भाग परत मागावा आणि नव्या भागाची हमी बिलावर लिहून घ्यावी.

रानजाई: दुकानातून दोन नावे मिळाली. एकाने लगेच ‘मॅग्नेट्रॉन बदलू’ असे सांगितले. दुसऱ्याने मॉडेल विचारले, फोनवरच आवाज कसा येतो याची चौकशी केली आणि यंत्र दुकानात नेऊन तपासावे लागेल असे सांगितले. घराबाहेर नेऊ द्यावे का?

तारायंत्र: दुसऱ्यालाच द्या. दाराचे स्विच आणि गळती तपासण्याची साधने दुकानात नीट असतात. घरी ओट्यावर यंत्र उघडून बसण्यापेक्षा ते चांगले. मागच्या पट्टीवरील अनुक्रमांकाचे छायाचित्र काढून ठेवा आणि यंत्र नेल्याची पावती घ्या. परत आल्यावर एक लिटर थंड पाणी पूर्ण क्षमतेवर बरोबर एक मिनिट तापवा, ढवळून तापमान मोजा आणि जितके अंश सेल्सिअस वाढले असेल त्याला ७० ने गुणा. येणारा आकडा साधारणपणे मिळणाऱ्या वॉटचा असतो. तो पट्टीवर लिहिलेल्या आउटपुटच्या जवळपास यायला हवा. इनपुटच्या, म्हणजे यंत्र ओढत असलेल्या विजेच्या, आकड्याशी तुलना करू नका, तो नेहमी मोठा असतो.

हरहुन्नरी: डायोडच निघाला तर इथे जरूर लिहा.

रानजाई: पट्टीचे छायाचित्र काढले आहे. संध्याकाळी तो यंत्र घेऊन जाणार आहे. बिघाड काय निघतो ते इथेच कळवते.